भेंडीची तार : वाटीत हवी, पेल्यात जपून

पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना वडखळच्या आसपास रस्त्याच्या कडेला टोपल्या दिसू लागतात. शिराळी, काकडी, पडवळ, कारली आणि त्यांच्या शेजारी लांबसडक, फिकट हिरवी गावठी भेंडी. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पावसाच्या पाण्यावर पिकणारी ही भाजी. बाजारातल्या नेहमीच्या भेंडीला पाच शिरा असतात, हिला सहा-सात किंवा त्याहूनही जास्त. घेणारा आधी एका भेंडीचे टोक मोडून पाहतो. कट्‌कन मोडले तर कोवळी, नुसतेच वाकले तर जून.

भेंडी घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला, हिची तार कशी घालवायची? त्यात अलीकडे आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. भेंडी चिरून रात्रभर पाण्यात भिजवायची आणि सकाळी उपाशीपोटी ते पाणी प्यायचे, साखर उतरते, असा सल्ला मोबाइलवरून घरोघरी पोचला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा सल्ला किती जणांच्या गोळ्यांच्या डबीपर्यंत जाऊ शकतो, याची कल्पना करता येईल.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीत दडलेले आहे, भेंडीच्या बुळबुळीत रसात. तो समजून घ्यायला एक सूप फार उपयोगी पडते. ते आहे मात्र वडखळपासून खूप दूरचे, बोस्नियातले.

बेगाचा शोरबा

बोस्निया १४६३ पासून १८७८ पर्यंत उस्मानी तुर्कांच्या राजवटीत होता. त्या काळाने तिथल्या स्वयंपाकघराला दिलेला एक पदार्थ म्हणजे ‘बेगोव्हा चोर्बा’. बेग म्हणजे सरदार. आपल्याकडच्या मिर्झा बेग या नावातला बेग तोच. आणि चोर्बा म्हणजे आपला शोरबा. सरदाराच्या घरचा हा शोरबा आज राजधानी सारायेव्होतल्या साध्या खाणावळींतही मिळतो. कोंबडी, गाजर, सेलरीसारखी कंदमुळे, वरून साय आणि अंड्याचा बलक, आणि या सगळ्यात भेंडी.

तिथली भेंडी अगदी लहान, बोटाच्या पेराएवढी असतानाच तोडतात. सुईदोऱ्यात ओवून तिच्या माळा करतात आणि त्या वाळवून वर्षभर ठेवतात. आपण उन्हाळ्यात पापड-कुरडयांचे वाळवण घालतो, तशीच ही युक्ती. ताज्या भेंडीत सुमारे ९० टक्के पाणी असते. ते गेले की बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला जागा उरत नाही. सूप करताना या वाळलेल्या भेंड्या लिंबू किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात उकळून घेतात. आंबट पाणी कशाला? चवीसाठी तर खरेच, पण त्यामागे रसायनशास्त्रही आहे.

तार कशाची बनते?

भेंडीचा चिकट रस म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या लांबच लांब शर्करा-साखळ्या. फळांच्या जॅमला घट्टपणा देणाऱ्या पेक्टिनच्या या नात्यातल्या. या साखळ्यांवर ठिकठिकाणी ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे साखळ्या पाण्यात ताणून पसरतात, एकमेकींत अडकतात आणि तार सुटते. साध्या, ना आंबट ना खारट पाण्यात ही चिकटाई सर्वांत जास्त असते.

आता त्यात लिंबू पिळले की आम्ल हे भार निष्प्रभ करते. ढकलाढकली थांबते, साखळ्या आकसून गुंडाळल्या जातात आणि रस पातळ होतो. आम्लाचा आणखी एक फायदा होतो. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून भेंडी अख्खी राहते, तिचा लगदा होत नाही. चिंचेच्या पाण्यात बटाटा लवकर शिजत नाही, त्याचे कारणही हेच.

हे शास्त्र आपल्या कोकणातल्या बायकांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. भेंडीत आमसूल, चिंच किंवा कैरीची आंबोशी पडते ती उगाच नाही. गोव्यात कोलंबीच्या आमटीत भेंडी घालतात तेव्हाही सोबत आंबट असतेच. ताकातली भेंडी त्याच कुळातली. कोरड्या भाजीचा मार्ग वेगळा. धुतलेली भेंडी पुसून कोरडी करायची, मग चिरायची, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतायची आणि मीठ शेवटी घालायचे. रसाला फुगायला पाणीच मिळाले नाही, तर तार येणार कुठून? मीठ आधी घातले तर ते भाजीतले पाणी ओढून बाहेर काढते आणि सगळी मेहनत वाया जाते.

आपल्या घरचा चोर्बा

चार जणांसाठी हाडांसकट अर्धा किलो चिकन घ्या. चिकन नळाखाली धुऊ नका. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर, भांड्यांवर पसरतात. ते मरतात उष्णतेने, धुण्याने नव्हे. दीड लिटर थंड पाण्यात चिकन, दोन गाजरे, एक कांदा, कोथिंबिरीचे देठ आणि चार मिरे घालून मंद आचेवर ठेवा. वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागल्यावर मिळणारा पांढरा कांदा असेल तर उत्तम, तो गोडसर असतो. ब्रॉयलर कोंबडी पाऊण तासात शिजते, गावठीला दीड तास तरी लागतो. खळखळून उकळू नका. मंद आचेत हाडांजवळचे कोलॅजन हळूहळू जिलेटिन होऊन पाण्यात उतरते आणि सुपाला अंग येते. मांसाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान पोचणे हा सुरक्षिततेचा निकष. थर्मामीटर नसेल तर मांस हाडापासून सहज सुटते आहे ना, एवढे पाहा.

भेंडी दीडशे ग्रॅम, सर्वांत लहान आणि कोवळी निवडून घ्या. देठाकडची टोपी पेन्सिलीला टोक काढावे तशी तासा, पण आतला बियांचा कप्पा उघडू देऊ नका. कप्पा बंद राहिला की बराचसा रस आतच राहतो.

इथे एक निवड करायची आहे. लिंबू पिळलेल्या पाण्यात भेंडी वेगळी आठ-दहा मिनिटे उकळून, ते पाणी फेकून मग सुपात घातली, तर सूप नितळ होते. पण पाण्याबरोबर विरघळणारा तंतू आणि क जीवनसत्त्वाचा काही भागही मोरीत जातो. त्यापेक्षा सुपातच अर्धे लिंबू पिळून भेंडी त्यातच शिजवली, तर सूप थोडे दाट होते आणि पोषण वाटीत राहते. आरोग्याच्या दृष्टीने दुसरा मार्ग बरा.

चिकनचे हाड काढून मांस सुपात परत टाका. दोन चमचे लोण्यावर दोन चमचे मैदा मंद परतून सुपात मिसळा. शेवटी चार चमचे घट्ट साय आणि एका अंड्याचा बलक एकत्र फेटा, त्यात आधी पळीभर गरम सूप घालून ढवळा आणि मग ते मिश्रण सुपात ओता. थेट ओतले तर बलकाच्या गुठळ्या होतात. सायीऐवजी दही वापरलेत तर पिठाचे महत्त्व वाढते. कढीला आपण बेसन लावतो ते दही फाटू नये म्हणूनच. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी बलक वगळावा. चवीत फार उणे होत नाही.

वाटीतून काय मिळते?

१०० ग्रॅम कच्च्या भेंडीत साधारण ३३ कॅलरी, ३ ग्रॅम तंतू, २३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ६० मायक्रोग्रॅम फोलेट असते. खरा गुण त्या बुळबुळीत तंतूचा. आतड्यात तो जेलीसारखा होतो, अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतो आणि जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरते. पित्ताम्ले काही प्रमाणात बांधून ठेवल्याने कोलेस्टेरॉललाही आळा बसायला मदत होते. म्हणजे ज्या तारेला आपण नाक मुरडतो, तीच उपयोगाची. प्रथिनांसाठी चिकन, तंतूंसाठी भेंडी आणि गाजर. जोडीला भाताचा डोंगर न घेता एखादी भाकरी घेतली, तर मधुमेह असलेल्यांनाही हे जेवण चांगले. साय आणि लोणी मात्र बेतानेच.

आणि पेल्यातून?

भेंडीच्या पाण्याची गोष्ट इथे वेगळी होते. भेंडीमुळे उपाशीपोटीची साखर थोडी उतरते, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. पण ते थोड्या लोकांवर, थोड्या काळासाठी केलेले आहेत. गोळी बंद करण्याइतका भक्कम आधार त्यातून मिळत नाही.

दुसरी बाब कमी लोकांना माहीत आहे. २०११ साली बांगलादेशातील संशोधकांनी उंदरांना भेंडीचा पाण्यात उतरणारा अंश दिला. त्याने ग्लुकोज शोषले जाण्याचे प्रमाण कमी केले, ही चांगली बातमी. पण त्याच्याबरोबर मेटफॉर्मिन दिले, तेव्हा त्या औषधाचे शोषणही कमी झाले. मेटफॉर्मिन म्हणजे मधुमेहावर सर्वाधिक दिली जाणारी गोळी. उंदरांतला निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे. तरीही साखरेला अडवणारी जाळी औषधालाही अडवू शकते, ही शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सकाळी पेलाभर पाणी पिऊन त्यावरच गोळी घेणाऱ्याने ती लक्षात ठेवायलाच हवी.

म्हणून एवढे करा. जेवणात भेंडीची भाजी किंवा सूप खायला काहीच हरकत नाही, त्यासाठी डॉक्टरांची परवानगी लागत नाही. भेंडीचे पाणी घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. लपवू नका आणि गोळीच्या वेळी घेऊ नका. साखर नियमित तपासा, गोळीचा डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी भेंडीत ऑक्झलेट असते हे लक्षात घ्यावे. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्व असलेल्या या भाजीचे प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये.

सारायेव्होच्या सरदारांना मेटफॉर्मिन ठाऊक नव्हते आणि वडखळच्या रस्त्यावर भेंडी विकणाऱ्या मावशींना पीएच. पण भेंडी आंबटाबरोबर शिजवावी आणि जेवणात खावी, हे दोघांनाही कळले होते. पुढच्या खेपेला टोपलीजवळ गाडी थांबवाल तेव्हा लहान, कोवळ्या भेंड्या वेगळ्या काढून मागा. मोठ्यांची भाजी, लहानांचे सूप. आणि गोळी तिच्या ठरल्या वेळी.