किराणा घेताना पाकीट उलटून पाहा

'एमआरपीपेक्षा कमी' ही पाटी वाचून थांबू नका. एमआरपी ही सर्व करांसह कमाल किंमत असते. दोन दुकानांची तुलना करायची ती प्रत्यक्ष बिलातल्या दराने.

दर : ५०० ग्रॅम तूरडाळ ९० रुपयांना म्हणजे किलोला १८० रुपये. तीच डाळ ८०० ग्रॅमच्या पाकिटात १५२ रुपयांना पडली, तर किलोला १९० रुपये. मोठे पाकीट नेहमी स्वस्त नसते.

वजन : किंमत तीच ठेवून माल कमी केला जातो. निव्वळ वजन दर वेळी वाचा.

दर्जा : अन्नपदार्थाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक हवा. तूप, मध, मसाल्यांवर ॲगमार्क असल्यास उत्तम.

तारीख : 'एकावर एक मोफत' घेताना मुदत तपासा. मुदतीत संपणार नाही ते तेल स्वस्तातही महागच.

पडताळणी : नेहमीच्या दहा जिनसांची यादी करा. त्याच ब्रँडचे, त्याच वजनाचे दर सुपरमार्केट, ग्राहक भांडार आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे एकाच आठवड्यात टिपा.

तक्रार : एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतल्यास बिल जपा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवा.