सूरच्या खाऱ्या वाऱ्यात रांगता गुलाब

जूनमध्ये शाळांना सुट्टी लागते आणि सूरमधील अनेक भारतीय घरांना काही आठवड्यांसाठी कुलूप लागते. ओमानच्या पूर्व टोकाजवळच्या या बंदराच्या गावात हौसेने लावलेले गुलाब नेमके याच काळात मरतात. टपोऱ्या फुलांचे कलम जानेवारीत डोलत असते, एप्रिलमध्ये त्याच्या पानांच्या कडा करपू लागतात आणि सुट्टीनंतर कुलूप उघडले की कुंडीत नुसत्या काड्या उरलेल्या असतात. दोष बहुधा पाणी घालायला सांगितलेल्या शेजाऱ्यावर जातो. पुष्कळदा तो अन्याय असतो. झाड तहानेपेक्षा मिठाने आणि रात्रीच्या उष्म्याने आधीच खचलेले असते.

गुलाब आणि ओमान हे नाते नवे नाही. जबल अख्दरच्या उतारावरील पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत दमास्क गुलाब फुलतो आणि मार्चअखेरीपासून मेपर्यंत त्याच्या पाकळ्यांपासून गुलाबपाणी काढले जाते. परंतु ती शेते समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 मीटर उंचीवर आहेत. तेथील थंडी हे त्या गुलाबाचे अर्धे खत होय. सूर समुद्राच्या काठावर आहे, वर्षाचा पाऊस नाममात्र, आणि उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावरही हवा निवत नाही. जून 2018 मध्ये सूर आणि मस्कत यांच्या दरम्यानच्या कुरय्यात या किनारी गावात पारा संपूर्ण दिवसरात्रीत 42.6 अंशांच्या खाली उतरला नव्हता. दिवसा पानांत तयार झालेली साखर झाड रात्री श्वसनासाठी खर्च करते, आणि रात्र जितकी उष्ण तितका हा खर्च मोठा. मोठ्या फुलांच्या जातींना हा तोटा भरून काढता येत नाही.

म्हणूनच येथे निवड महत्त्वाची. रोपवाटिकांत ‘ग्राउंडकव्हर रोझ’ म्हणून विकला जाणारा रांगता गुलाब गुडघ्याएवढा किंवा त्याहून ठेंगणा राहतो, आडवा पसरतो आणि लहान फुलांचे घोस देतो. यांपैकी अनेक जातींच्या वंशावळीत ‘रोझा विचुराना’ हा जपान व पूर्व चीनमधील जमिनीवर सरपटणारा रानगुलाब आढळतो. त्याची पाने बारीक, चकचकीत आणि काहीशी चिवट असतात. 1932 मध्ये इंग्लंडमध्ये आलेली ‘द फेअरी’ ही फिकट गुलाबी जात, जर्मनीच्या नोआक यांची ‘फ्लॉवर कार्पेट’ मालिका आणि फ्रान्सच्या मेयां घराण्याची ‘ड्रिफ्ट’ मालिका ही या गटातील परिचित नावे. रोपावर नावाची पाटी नसली तरी नखाएवढी तकतकीत पर्णदले आणि कुंडीच्या काठावरून खाली झुकलेल्या फांद्या पाहून निवड करता येते.

युरोपातील किनारी बागांची पुस्तके बहुधा ‘रुगोसा’ गुलाब सुचवतात. तो खारा वारा सोसतो हे खरे, परंतु तो थंड किनाऱ्याचा रहिवासी आहे. सूरचा जुलै त्याला सोसणारा नाही आणि त्यावर पैसे घालवू नयेत.

रोप शक्यतो स्वतःच्या मुळांवर वाढलेले, म्हणजे काडीपासून केलेले घ्यावे. डोळा भरलेल्या कलमात वरचा भाग उन्हाने मेला तर खालचा खुंट फुटतो आणि हाती रानटी फुटवे येतात. स्वतःच्या मुळांवरचे रोप जमिनीपर्यंत वाळले तरी तळातून फुटले की तीच जात परत येते. भारतातून बॅगेत रोप आणण्याचा मोह मात्र टाळावा. वनस्पती आणण्यासाठी परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि मुळांच्या मातीसोबत कीडही प्रवास करते.

आता मिठाकडे. समुद्रावरून येणारे तुषार पानांवर बसतात हे डोळ्यांना दिसते. मातीत साचणारे मीठ दिसत नाही, आणि बहुतेक झाडे त्यानेच जातात. एका लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार आहेत असे धरले आणि रोज चार लिटर पाणी दिले, तर शंभर दिवसांत त्या आळ्यात 200 ग्रॅम क्षार जमा होतात. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. रोज थोडे थोडे पाणी शिंपडण्याची सवय म्हणूनच घातक असते. ते पाणी खोल जात नाही आणि मीठ मुळांच्या पट्ट्यातच ठेवते. दोन दिवसांआड भरपूर, आणि दर पंधरवड्याला एकदा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पाणी दिले की क्षार खाली वाहून जातात. सूरची वाळू गरीब असली तरी या कामी उत्तम आहे, कारण तिच्यातून निचरा झटपट होतो. कुंडीत हे तितके साधत नाही. जागा असेल तर जमीनच बरी.

पाण्याची क्षारता मोजणारे पेनासारखे छोटे यंत्र सहज मिळते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनविषयक मार्गदर्शिकेनुसार पाण्याची विद्युतवाहकता प्रतिमीटर 0.7 डेसिसिमेनपर्यंत असेल तर क्षारतेमुळे बंधन नाही, 0.7 ते 3 या दरम्यान सावधगिरी हवी आणि त्यापुढे तीव्र बंधने येतात. गुलाब हे नाजूक गटातील झाड असल्याने त्याच्यासाठी वरची हद्द आणखी अलीकडे ओढावी. घरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी ‘फुकट जाते’ म्हणून बागेत सोडले जाते, पण त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. ते झाडांना देऊ नये. कपडे धुतलेले पाणीही नको.

याच्या उलट, एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी ही दमट किनाऱ्याची खरी देणगी आहे. ते हवेतील बाष्पाचे पाणी असल्याने जवळजवळ क्षारमुक्त असते. हवा जितकी दमट तितके ते अधिक मिळते, म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच. नळीखाली झाकणाचा पिंप ठेवावा. उघड्या पाण्यात डास होतात. क्षार धुऊन काढण्याची पंधरवड्याची पाळी या पाण्याने दिली तर त्याचा उपयोग सर्वांत चांगला होतो. त्यात अन्नद्रव्ये नसतात, इतके लक्षात ठेवले की पुरे.

लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत करावी, म्हणजे मुळांना पुढचा उन्हाळा येण्यापूर्वी सहा-सात महिने मिळतात. फेब्रुवारीत फुलांनी लहडलेले रोप विकत घेणे हा सर्वांत महागडा मार्ग. जागा पूर्वेची किंवा उत्तरेची निवडावी, कारण पश्चिमेकडील सिमेंटची भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. समुद्राच्या बाजूला भरीव आडोशापेक्षा झावळ्यांची किंवा जाळीची विरळ आड चांगली. भरीव भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे करतो, विरळ आडीतून तो गाळून मंद होतो. दोन रोपांत 60 ते 75 सेंटिमीटर अंतर ठेवावे. दोन वर्षांत फांद्या एकमेकींना भिडतात आणि वाळू झाकली जाते. रांगत्या गुलाबाचा मोठा गुण हाच, की तो स्वतःच्या मुळांवर स्वतःच सावली धरतो. तोवर खजुराच्या वाळक्या झावळ्यांचे बारीक तुकडे पाच-सहा सेंटिमीटर जाडीने पसरावेत.

खड्ड्यात एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि दोन भाग वाळू चालते. कोकोपीट आधी गोड्या पाण्याने धुवावे, कारण त्यातही मीठ असू शकते. येथील वाळू चुनखडीयुक्त असल्याने लोह असूनही झाडाला लागत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या की ‘ईडीडीएचए’ प्रकारचे चिलेटेड लोह द्यावे. साधे हिराकस या मातीत लवकर निकामी होते. सूर हे युरियाचे गाव आहे. ओमान-भारत भागीदारीतील खत कारखाना येथे 2005 पासून चालतो आणि त्यात इफ्को व कृभको यांचा वाटा आहे. तरीही गुलाबाच्या आळ्यात युरिया भुरभुरू नये. तापलेल्या चुनखडी वाळूवर त्यातील नत्राचा मोठा भाग अमोनिया होऊन उडून जातो. सावकाश विरघळणारे खत ऑक्टोबरमध्ये आणि जानेवारीअखेर, असे दोनदा पुरते. मे ते सप्टेंबर खत पूर्ण बंद.

छाटणीसाठी पुण्या-नाशिकची ऑक्टोबर छाटणी डोळ्यांसमोर ठेवू नये. येथे ऑक्टोबरमध्ये कुंपणाच्या कात्रीने एक तृतीयांश उंची कमी केली की काम संपते. एकेक फूल खुडण्याचीही गरज नाही. मे महिन्यात मात्र कात्री हाती धरू नये, कारण दाट पालाच मुळांची छत्री असतो. कोकणात पावसाने येणारे पानांवरचे काळे ठिपके येथे क्वचित दिसतात. त्याऐवजी हिवाळ्यात भुरी आणि उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पहाटे गोड्या पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारला की कोळीही जातो आणि रात्रीचे मीठही. ऊन चढल्यावर फवारू नये.

राहिला सुट्टीचा प्रश्न. एसी बंद असल्याने पिंपाचे पाणी त्या काळात मिळत नाही. भरवसा ठिबक नळी व वेळ लावण्याच्या नळावरच ठेवावा लागतो. दर रोपाला एक नव्हे, दोन तोट्या ठेवाव्यात, कारण क्षारांनी एक तुंबली तर दुसरी चालते. पाण्याची वेळ पहाटे चारची असावी. गच्चीवरील टाकीचे पाणी संध्याकाळी मुळांना भाजेल इतके तापलेले असते. वर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी आळी भरभरून धुवावीत. परत आल्यावर झाड फुललेले नसेल. पाने थोडी आणि फिकट असतील, फुले बटणाएवढी. ही विश्रांती आहे, आजार नव्हे. लगेच खत ओतले तर उलट नुकसान होते.

ज्यांच्या घरी केवळ मचूळ विहिरीचे पाणी आहे, त्यांनी गुलाबाचा नाद सोडून बोगनवेल लावावी. वाळूवरच्या मोकळ्या जागेसाठी कोकण किनाऱ्यावर दिसणारी जांभळ्या फुलांची मर्यादवेल आहेच. ती मिठालाही जुमानत नाही.

नोकरीनिमित्त घर बदलणाऱ्यांना वाफा उचलून नेता येत नाही, काड्या मात्र नेता येतात. नोव्हेंबर ते जानेवारीदरम्यान फूल गळून गेलेल्या फांदीची बोटभर लांब काडी घ्यावी, खालची पाने काढावीत, कोकोपीट व वाळूच्या मिश्रणात खोचून वर तळ कापलेली पारदर्शक बाटली उपडी ठेवावी. जागा सावलीची असावी. सहा आठवड्यांच्या आत हलक्या हाताने ओढून पाहिल्यास काडी धरून बसल्याचे कळते. त्यानंतर बाटलीचे झाकण आधी काढावे आणि चार-पाच दिवसांनी बाटली.