जुना ट्रॅक्टर: हौसेला कोणता, कामाला कोणता?

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि काही न बोलता पंजा इंजिनच्या ब्लॉकवर ठेवला. ब्लॉक कोमट लागला. "दादा, आपण यायच्या आधी यांनी गाडी तापवून ठेवली आहे," मला बाजूला घेऊन ते म्हणाले. "गार इंजिनवर सेल्फ मारल्याशिवाय जुन्या ट्रॅक्टरची किंमत करायची नाही. उद्या सकाळी सहाला येऊ." दुसऱ्या दिवशी सहाला तोच ट्रॅक्टर चालू व्हायला मोठं मिनिट लागलं आणि नळीतून पांढरा धूर निघाला. घसटलेले पिस्टन आणि लायनर असेच बोलतात. आम्ही चहा घेऊन परत आलो.

गावोगावी गोठ्यामागे, चिंचेखाली असे तीस-चाळीस-पन्नास वर्षांचे ट्रॅक्टर उभे असतात. अलीकडे त्यांना मागणी आली आहे. कुणाला आजोबांचा ट्रॅक्टर पुन्हा उभा करायचा असतो, तर कुणाला नव्या ट्रॅक्टरचा हप्ता झेपत नाही म्हणून फणणी-पेरणीपुरती स्वस्तातली गाडी हवी असते. ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत आणि फसगत बहुतेक वेळा दोघांची सरमिसळ झाली की होते. हौसेला चांगला ट्रॅक्टर कामाला चांगला असेलच असं नाही.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत सर्वांत ओळखीचा चेहरा बी-275 चा. मूळ गाडी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कारखान्याची, 1958 ची. महिंद्रा, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून 1963 मध्ये कंपनी काढली आणि 1965 मध्ये कांदिवलीतून पहिला बी-275 बाहेर पडला. म्हणजे हा ट्रॅक्टर मुंबईचाच म्हणायचा. चार सिलिंडर, पस्तीस एचपीच्या आसपास ताकद, पुढचे आठ गिअर, मागचे दोन आणि डिफरन्शियल लॉक. ओल्या रानात एक चाक नुसतं फिरायला लागलं की लॉकचं पेडल दाबायचं, दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि गाडी चिखलातून निघते.

सुरुवातीच्या बी-275 मध्ये डिझेल थेट पिस्टनवर न जाता आधी एका छोट्या कप्प्यात जाऊन पेटायचं. त्यामुळे थंडीत हीटर प्लग तापवल्याशिवाय इंजिन पकडत नसे. नंतरच्या गाड्यांत थेट फवारणी आली, डीआय हे नाव त्याचंच. 275 हा आकडा कंपनीने आजही सोडलेला नाही. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी सुटे भाग मिळतात आणि त्या गाडीवर हात बसलेला मिस्त्री प्रत्येक मोठ्या गावात सापडतो. रोजच्या कामाला जुना ट्रॅक्टर घेताना मी हा मुद्दा इंजिनच्याही वर ठेवतो. ऐन पेरणीत एका सीलसाठी चार दिवस गाडी उभी राहिली, तर ती स्वस्त पडली असं कोण म्हणेल?

दुसरा मोठा घराणेदार म्हणजे मॅसी. मॅसी समजून घ्यायची तर थोडं मागे, हॅरी फर्ग्युसनपर्यंत जावं लागतं. हा आयर्लंडच्या काउंटी डाऊनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या काळात नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने किंवा खिळीने ओढला जायचा. नांगर दगडात अडकला तर मागची चाकं थांबायची, इंजिन मात्र जोर करत राहायचं, आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उठून तो मागे उलटायचा. कितीतरी चालक त्याखाली दगावले. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडला: खाली दोन दांडे, वर एक. आज प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसते ती हीच मांडणी.

खरी करामत त्या वरच्या दांड्यात आहे. नांगर जमिनीत रुतला की तो खालून मागे ओढला जातो आणि वरचा दांडा पुढे, म्हणजे ट्रॅक्टरकडे, दाबला जातो. त्या टोकाला स्प्रिंग असते. माती कडक लागली की दाब वाढतो, स्प्रिंग दबते, लिफ्टचा व्हॉल्व्ह उघडतो आणि नांगर बोटभर वर येतो. भुसभुशीत माती आली की पुन्हा खाली जातो. चालकाने काहीच करायचं नाही. शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि हलका ट्रॅक्टरही जमीन धरून ओढतो. म्हणून फर्ग्युसनचा छोटासा करडा टीई-20 कव्हेंट्रीत 1946 ते 1956 या काळात पाच लाखांवर बनला आणि जगभर गेला. 1953 मध्ये फर्ग्युसनची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि पुढे मॅसी फर्ग्युसन 35 आला. त्याच वळणाची गाडी मद्रासच्या टॅफेने परवान्याने इथे बनवली. आपल्या रस्त्यांवरची 1035 ती हीच.

मॅसी 35 ची आणखी एक सोय म्हणजे दुहेरी क्लच. पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पण लिफ्ट आणि पीटीओ (मागचं यंत्र फिरवणारा शाफ्ट) चालू राहतात. पूर्ण दाबलं की सगळं थांबतं. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालवणाऱ्याला याचं मोल ठाऊक आहे. एकेरी क्लचच्या गाडीत गिअर बदलायला पाय ठेवला की रोटाव्हेटरही थांबतो आणि ढेकळं तशीच राहतात. मॅसी घ्यायची तर तिचा क्लच खरोखर दोन टप्प्यांत काम करतो का, हे पीटीओ फिरवून आधी पाहा.

इंजिन बांधायची वेळ आली की गाड्यांमधला फरक पैशात कळतो. मॅसी 35 च्या तीन सिलिंडरच्या पर्किन्स इंजिनमध्ये कोरडे लायनर, ब्लॉकमध्ये प्रेसने ठोकून बसवलेले. ते काढायला वर्कशॉपच लागतं. हिंदुस्तान मशीन टूल्सने 1971 पासून हरयाणात पिंजोरला बनवलेला झेटॉर 2511, मूळ चेकोस्लोव्हाकियाच्या बर्नो शहरातला. त्याचे दोन सिलिंडर ओल्या लायनरचे. लायनरभोवती थेट पाणी खेळतं, त्यामुळे तो उपसून नवा बसवणं शेतातल्या शेडमध्येही जमतं. पण खालची रबरी रिंग बिघडली की पाणी चेंबरच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर तिथंच पाठ फिरवा. आणि फोर्ड 3600, फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स-फोर्डची निळी गाडी. तिच्या मूळ ब्लॉकला लायनरच नाही, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये फिरतो. बोर घासला की ब्लॉक पुन्हा बोअर करायचा, मोठे पिस्टन घालायचे किंवा स्लीव्ह बसवायची. खर्च मोठा, पण नीट बांधलेल्या फोर्डची ओढ अशी की खोल नांगरटीला आणि ट्रॉलीला तिच्यापुढे या वयाची दुसरी गाडी मी ठेवणार नाही.

मग कोणती घ्यावी? पाच-सात एकराला फणणी, पेरणी, फवारणी आणि थोडी वाहतूक असेल तर 275 डीआय. नांगरट आणि पीटीओचं काम जास्त असेल तर दुहेरी क्लचची मॅसी. फोर्ड फक्त चांगला बोअरिंग करणारा वर्कशॉपवाला जवळ असेल तरच. झेटॉर मी कामाला सुचवणार नाही. पिंजोरचा कारखाना 2016 मध्ये बंद करायचं ठरलं आणि भाग शोधत हिंडावं लागतं. हौसेला मात्र मी झेटॉरच निवडेन. साधं इंजिन, घरी उघडता येणारं, आणि दोन सिलिंडरचा तो ठाय लयीतला आवाज! सुरुवातीचा हीटर प्लगवाला बी-275 सुद्धा जपण्याच्या लायकीचा आहे. हौसेच्या गाडीत इंजिनपेक्षा पत्रा आणि कास्टिंग बघा. पिस्टन आज ना उद्या मिळतात. मूळ बॉनेट, जाळी, मडगार्ड आणि अंकांची तबकडी मिळत नाही, आणि वेल्डिंग मारलेलं फुटकं हाउसिंग कायमचं दुखणं होऊन बसतं.

कामाच्या गाडीची एक परीक्षा मात्र चुकवू नका. मागे नांगर जोडा, लिफ्टने पूर्ण वर उचला आणि इंजिन बंद करा. मग घड्याळ लावून बसा. नांगर दहा-पंधरा मिनिटं जागेवर राहिला तर लिफ्ट धड आहे. डोळ्यांदेखत खाली बसला तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. त्यानंतर पुढची चाकं जॅकवर उचलून हाताने हलवा. किंगपिन ढिली असेल तर ट्रॉली भरल्यावर स्टिअरिंग हातात राहत नाही. आणि पीटीओच्या उघड्या शाफ्टला झाकण नसेल तर सौदा झाला त्याच दिवशी ते बसवून घ्या. मिनिटाला 540 फेऱ्या घेणारा शाफ्ट धोतराचा किंवा ओढणीचा काठ पकडला की सोडत नाही.

कागदांचंही बघावं. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आरसी बुकावर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि नाव उतरवल्याची नोंद पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा. त्यासाठी तारेचा ब्रश आणि डिझेलचा फडका सोबत ठेवा.

आणि तुमच्याच गोठ्यामागे असा ट्रॅक्टर उभा असेल, तर भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी एक सकाळ त्याला द्या. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल सोडा, दोन दिवस थांबा आणि पुढच्या पुलीला पान्हा लावून इंजिन हाताने फिरतं का पाहा. फिरलं तर तो ट्रॅक्टर भंगार नाही.