वेदना उतरली, दिवस तेवढेच

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली. कावसजी हा इंग्रजी फौजेतला बैल हाकणारा मराठा माणूस. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याच्या कपाळाची कातडी सोलली, भुवयांमधला देठ राखून ती खाली वळवली आणि नवे नाक बसवले. भूल नावाची गोष्ट तेव्हा नव्हतीच.

या हकिगतीतले पुढच्या दिवसांचे टिपण आजही वाचण्यासारखे आहे. काताचा लेप दिलेल्या फडक्याच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावायच्या, चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे आणि साधारण पंचविसाव्या दिवशी देठ कापायचा.

ही हकिगत कळल्यावर लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली, तीही भुलीवाचून. १८४६ मध्ये बॉस्टनला इथरचा जाहीर प्रयोग झाला, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आले, मग जागेपुरती भूल देणारी इंजेक्शने आली. टेबलावरची वेदना संपली. पण कपाळाच्या कातडीने नाक करताना देठ तोडायला सर्जन आजही तीन आठवड्यांच्या आसपास थांबतात. खालून नव्या रक्तवाहिन्या येईपर्यंत त्या कातडीला देठातल्या रक्ताचाच आधार असतो. तिथे घाई चालत नाही.

मालवण-वेंगुर्ल्याकडची माणसे अशा प्लास्टिक सर्जरीसाठी गोव्यातली बांबोळी, कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठतात. शस्त्रक्रिया तिकडे होते, दुखणे मात्र घरी येऊन काढावे लागते. नाकाचे प्लास्टर आठवड्याभराने निघते. डोळ्यांखालचा काळानिळा रंग पिवळट होत दोनेक आठवड्यांत जातो, पण शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष लागू शकते. बाळंतपणांनंतर सुटलेले पोट आवळून घेतलेल्या बाईला सुरुवातीचे दिवस कमरेत वाकूनच चालावे लागते आणि पुढे कित्येक आठवडे विहिरीचे पाणी शेंदणे बंद. चरबी काढलेल्याला घट्ट पट्टा घालून मे महिन्याचा घाम सोसावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते. आरशातला चेहरा आपला वाटत नाही, उगाच रडू येते, आणि नेमकी तेव्हाच शेजारीण दारातून विचारते, “काय गो, नाकाक काय झाला?”

पथ्याच्या बाबतीत आपल्याकडे उलटेच चालते. जखम पिकेल म्हणून बांगडा बंद करून नुसत्या पेजेवर ठेवतात. खरे तर जखम भरायला प्रथिने लागतात, आणि डॉक्टरांनी मना केले नसेल तर मासे चांगलेच. मिश्री मात्र कोणी सोडत नाही, “दातांनाच तर लावते” म्हणून. मिश्रीच्या तंबाखूतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि शिवलेल्या कातडीची कड काळी पडू शकते. कावसजीच्या देठाने जे काम केले, त्यावरच हा घाव.

दिवस कमी होत नाहीत, पण निवडता येतात. कोवळा व्रण उन्हाने काळवंडतो, म्हणून उघड्या समुद्रावर काम करणाऱ्याने मासेमारी बंदीचे, १ जून ते ३१ जुलैचे दिवस साधावेत. होडी तेव्हा तशीही वर ओढलेली असते. भातशेती असलेल्या घराने मात्र हेच दोन महिने टाळावेत. लावणीत वाकल्याशिवाय भागत नाही, आणि घरातली बाई चिखलात उतरायची राहील, यावर कोणाचाच भरवसा नसतो. सर्जनला खर्च विचारतो, तसे आधी विचारावे: मी कामावर कधी जाईन, आणि तोवर माझे काम कोण करील?