उद्योग गावात, महसूल मुंबईत

विकेंद्रीकरणाला महाराष्ट्रात कोणीच विरोध करीत नाही. ते अमलात आणण्याची वेळ आली की मात्र प्रत्येकाला अडचणी दिसू लागतात. ग्रामीण औद्योगिकीकरणाच्या बाबतीत ही विसंगती विशेष जाणवते. खेड्यात उद्योग उभा राहावा, असे सर्वच पक्ष म्हणतात. परंतु तो उभा राहिल्याने तेथील ग्रामपंचायतीच्या वा जिल्हा परिषदेच्या तिजोरीत काय पडते, हा साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः ग्रामीण उद्योगाचे सारे मर्म याच प्रश्नात आहे.

कागदावरचे अधिकार

बळवंतराय मेहता समितीचा अहवाल १९५७ चा. त्यापुढे जाऊन वसंतराव नाईक समितीने महाराष्ट्रासाठी जिल्हा हा सत्तेचा प्रमुख स्तर मानला आणि १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. या दोन घटना एकाच वर्षी घडाव्यात आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध नसावा, यात पुढील इतिहासाचे बीज आहे. शेती, शाळा, दवाखाने व लहान रस्ते जिल्हा परिषदेकडे आले. औद्योगिक भूखंड, त्यांचे पाणी आणि त्यांचे रस्ते महामंडळाकडे राहिले.

डिसेंबर १९७७ च्या औद्योगिक धोरणानुसार १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. लघुउद्योजकाला सर्व साहाय्य एका छताखाली मिळावे, हा हेतू स्तुत्यच होता. पण ते छत राज्याच्या उद्योग खात्याचे होते, लोकनियुक्त जिल्हा परिषदेचे नव्हे. पुढे २४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत अन्नप्रक्रियेसह लघुउद्योग आणि खादी, ग्रामोद्योग व कुटीरोद्योग यांचा समावेश झाला. मात्र यांपैकी काय व किती सोपवायचे, हे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर राहिले. विषय मिळाले, निधी व नोकरवर्ग यांची वाट पाहण्यातच काळ गेला.

चीनचा धडा

या संदर्भात चीनचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. तेथील नगर व ग्राम उद्योगांत १९७८ मध्ये सुमारे २ कोटी ८० लक्ष लोक काम करीत होते; १९९६ पर्यंत ही संख्या साडेतेरा कोटींच्या आसपास पोहोचली. या वाढीची कारणे अनेक होती. त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण राजस्वव्यवस्थेत सापडते. १९८० नंतर वरिष्ठ सरकारला ठरलेला भरणा केल्यावर उरलेल्या वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक सरकारांना स्वतःकडे ठेवता येऊ लागला. सामूहिक उद्योगांचा नफाही त्यांच्याच हाती येई. साहजिकच गावात कारखाना चालणे ही स्थानिक अधिकाऱ्याची स्वतःची निकड बनली.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे. प्रदूषण झाले, कर्जे थकली, आणि नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात यांतील बहुसंख्य उद्योग खाजगी झाले. शिवाय चीनमध्ये मतदाराला उत्तर देण्याचे बंधन अधिकाऱ्यांवर नव्हते. म्हणून ग्रामपंचायतींनी कारखाने चालवावेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. धडा एवढाच की, उद्योगवाढीत ज्या संस्थेचा वाटा असतो ती संस्था उद्योगाची वाट मोकळी करते. वाटा नसेल तेथे उदासीनता येते.

सोलापूरचे उदाहरण

सोलापुरात ही उदासीनता कशी निर्माण होते, हे पाहता येते. १८७७ मध्ये जुनी गिरणी निघाली तेव्हापासून हे कापडाचे शहर. चादरीने आणि टॉवेलने त्याचे नाव दूरवर नेले. पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर जकात होती, नंतर स्थानिक संस्था कर आला. जकातीचे दोष अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो; नाक्यावर खोळंबणाऱ्या मालमोटारींचे समर्थन कोणी करणार नाही. तरीही शहराचा व्यापार वाढला की नगरसंस्थेचे उत्पन्न वाढे, हा तिचा एक गुण होता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि राज्यातील महापालिकांना २०१६-१७ हे आधारभूत वर्ष धरून दरसाल ८ टक्के वाढीची भरपाई ठरली. माग दुप्पट चालोत वा बंद पडोत, भरपाईचा आकडा तोच.

ग्रामीण भागाची स्थिती याहून वेगळी नाही. १५व्या वित्त आयोगाने राज्याच्या वाट्याचे पंचायत-अनुदान लोकसंख्या व क्षेत्रफळ यांवर ठरविले. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिली. या कामांची निकड कोण नाकारील? परंतु गावात चार उद्योग वाढले म्हणून हे अनुदान वाढत नाही. स्वतःच्या करांपैकी ग्रामपंचायतीला कारखान्याच्या इमारतीवर कर घेता येतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात करांऐवजी कारखान्याकडून ठोक रक्कम स्वीकारण्याचीही तरतूद आहे. मात्र वाढत्या उत्पादनात तिचा वाटा नाही.

सांगोल्याचे डाळिंब, कासेगावकडील बेदाणा, मंगळवेढ्याची ज्वारी आणि जिल्हाभरचा ऊस ही आमची संपत्ती. उसावर प्रक्रिया जिल्ह्यातच होते, कारण तेथे सहकाराने शेतकऱ्याला मालकीचा वाटा दिला. डाळिंब मात्र बहुतांशी फळाच्या रूपानेच बाहेर जाते. सात रस्त्याच्या चौकात उभे राहून, महाविद्यालयात निघालेल्या ग्रामीण विद्यार्थ्यांना पदवीनंतरचा बेत विचारावा. बहुतेकांचे उत्तर ‘पुणे’ असेच येईल.

काय करावे?

स्थानिक संस्था भ्रष्ट व गटबाज असतात, त्यांच्या हाती पैसा कसा द्यावा, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. पण मंत्रालयात हे दोष नाहीत काय? गावातील खर्च निदान मतदाराच्या डोळ्यांसमोर होतो. २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर आमच्या जिल्हा परिषदेसह अनेक स्थानिक संस्था तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात हा अंकुशही उरला नव्हता.

तेव्हा तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. राज्याच्या वस्तू व सेवा कराचा एक निश्चित हिस्सा स्थानिक संस्थांना द्यावा, आणि त्यातील काही भाग त्या क्षेत्रातील उद्योगवाढीशी जोडावा. मागास तालुक्यांसाठी वेगळी भर असावी. जिल्हा उद्योग केंद्र जिल्हा परिषदेला उत्तरदायी करावे. आणि जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याऐवजी जिल्ह्याने निवडलेल्या प्रतिनिधीकडे असावे.

शेड, पाणी, रस्ता, सांडपाण्याची सोय आणि शीतगृह एवढे मिळाले तर उद्योग काढणारे तरुण या जिल्ह्यात आहेत. या सोयी करणे ज्यांना सहज शक्य आहे, त्या संस्थांना त्यापासून काहीच लाभू द्यायचे नाही आणि ग्रामीण उद्योग का वाढत नाहीत म्हणून समित्या नेमायच्या, हा प्रकार आता पुरे झाला.