अमेरिकेतील अंतर्गत सुरक्षा विभागाची निर्मिती : एकत्रीकरण आणि समन्वय यांतील अंतर

१. प्रस्तावना

पदवीच्या वर्गात अमेरिकेची शासनव्यवस्था शिकविताना विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो. आपल्याकडे जसे गृहमंत्री असतात, तसे अमेरिकेत कोण असते? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर २००२ पर्यंत 'कोणीही नाही' असेच होते. अमेरिकेत १८४९ पासून 'इंटेरियर' नावाचा विभाग आहे. नावावरून त्याचे भाषांतर 'गृहविभाग' असे करण्याचा मोह होतो. तथापि तो विभाग सार्वजनिक जमिनी, राष्ट्रीय उद्याने, खनिजसंपत्ती आणि मूळ रहिवासी जमातींशी निगडित प्रश्न पाहतो. पोलीस वा अंतर्गत सुरक्षेशी त्याचा फारसा संबंध नाही. शिवाय तेथील विभागाचा 'सेक्रेटरी' म्हणजे आपल्याकडील सचिव नसून मंत्रिमंडळाचा सदस्य होय, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

ही पोकळी भरून काढण्यासाठी २००२ मध्ये 'होमलँड सिक्युरिटी' हा विभाग कायद्याने स्थापन झाला. प्रस्तुत लेखात त्यास सोयीसाठी 'अंतर्गत सुरक्षा विभाग' असे म्हटले आहे. हा विभाग का निर्माण झाला, त्यात कोणत्या संस्था आल्या व कोणत्या बाहेर राहिल्या, आणि त्याच्या अनुभवातून लोकप्रशासनाच्या अभ्यासकांनी काय घ्यावे, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे. कार्यालये एका छताखाली आणणे आणि माहिती एका जागी येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या लेखाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

२. २००१ पूर्वीची व्यवस्था

अमेरिकेत पोलीस ही मुख्यतः स्थानिक बाब आहे. शहर, परगणा आणि राज्य अशा निरनिराळ्या पातळ्यांवर मिळून देशात सुमारे १८ हजार पोलीस यंत्रणा कार्यरत आहेत. देशांतर्गत कायदा राबविण्यासाठी सैन्याच्या वापरावर १८७८ च्या कायद्याने मर्यादा घातली आहे. केंद्रीय सत्ता एका हाती एकवटू नये, ही त्या राज्यघटनेमागील जुनी धारणा होय. त्यामुळे अंतर्गत सुरक्षेची केंद्रीय कामे वेगवेगळ्या विभागांत विखुरलेली होती. सीमाशुल्क सेवा वित्त विभागात, स्थलांतर व नागरिकत्व सेवा न्याय विभागात आणि तटरक्षक दल वाहतूक विभागात होते. आपत्ती निवारणाचे काम १९७९ मध्ये स्थापन झालेली 'फेमा' ही स्वतंत्र संस्था करीत असे.

या विखुरलेपणाची जाणीव हल्ल्यानंतरच झाली, असे मात्र म्हणता येत नाही. गॅरी हार्ट आणि वॉरन रडमन या माजी सिनेटरांच्या सहअध्यक्षतेखालील आयोगाने फेब्रुवारी २००१ मध्येच फेमा, तटरक्षक दल, सीमाशुल्क सेवा आणि सीमा गस्त दल यांना एकत्र आणणारी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन करण्याची शिफारस केली होती. त्या वेळी तिच्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

३. निर्मितीचा घटनाक्रम

११ सप्टेंबर २००१ रोजी १९ अपहरणकर्त्यांनी चार प्रवासी विमानांचा शस्त्रासारखा वापर केला आणि २,९७७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. २० सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी व्हाइट हाउसमध्ये अंतर्गत सुरक्षेचे एक कार्यालय स्थापन करीत असल्याचे घोषित केले. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर टॉम रिज यांची त्याच्या प्रमुखपदी नियुक्ती झाली. हे कार्यालय राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावर उभे होते. त्यास स्वतःचा अर्थसंकल्प ठरविण्याचा अधिकार नव्हता आणि इतर विभागांना आज्ञा देण्याची सत्ताही नव्हती. रिज हे राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार असल्याने त्यांनी काँग्रेससमोर साक्ष देऊ नये, अशी व्हाइट हाउसची भूमिका होती. त्यावरून वाद निर्माण झाला.

सिनेटर जोसेफ लिबरमन व त्यांचे सहकारी स्वतंत्र विभागाची मागणी करीत होते; बुश प्रशासनाचा आरंभी तिला विरोध होता. ६ जून २००२ रोजी हे धोरण बदलले आणि राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच नव्या विभागाचा प्रस्ताव मांडला. योगायोग असा की, त्याच दिवशी एफबीआयच्या मिनिआपोलिस कार्यालयातील विधी अधिकारी कोलीन रोली सिनेटच्या समितीसमोर हल्ल्यापूर्वीच्या दुर्लक्षित धाग्यादोऱ्यांविषयी साक्ष देत होत्या.

त्यानंतरचे विधेयकावरील वादंग गुप्तवार्तेपेक्षा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींवरच अधिक रंगले. नेमणूक, बदली व बडतर्फी यांबाबत प्रशासनास मोकळीक हवी होती, तर डेमोक्रॅटिक सदस्य कर्मचारी संघटनांच्या अधिकारांसाठी आग्रही होते. नोव्हेंबर २००२ च्या मध्यावधी निवडणुकीत हा प्रचाराचा मुद्दा झाला आणि जॉर्जियाचे सिनेटर मॅक्स क्लेलंड पराभूत झाले. व्हिएतनाम युद्धात दोन्ही पाय व एक हात गमावलेल्या या सदस्याच्या सुरक्षाविषयक निष्ठेवर प्रचारात प्रश्नचिन्ह उभे केले जावे, यावरून त्या काळातील वातावरणाची कल्पना येते. निवडणुकीनंतर सिनेटने ९० विरुद्ध ९ मतांनी विधेयक संमत केले आणि २५ नोव्हेंबर २००२ रोजी त्यावर स्वाक्षरी झाली. विशेष म्हणजे ज्या सेवानियमांसाठी एवढा संघर्ष झाला, त्यांतील महत्त्वाचा भाग २००५ मध्ये न्यायालयाने रोखला आणि पुढे ती योजना सोडून द्यावी लागली.

४. विभागात काय आले, काय बाहेर राहिले

१ मार्च २००३ रोजी बहुतेक संस्था नव्या विभागात वर्ग झाल्या. एकूण २२ संस्था आणि सुमारे १ लाख ७० हजार कर्मचारी एकत्र आले. १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतरची ही सर्वांत मोठी प्रशासकीय पुनर्रचना होय. सीमाशुल्क आणि स्थलांतर या दोन जुन्या सेवांची मोडणी करून सीमेवरील तपासणी, देशांतर्गत अंमलबजावणी आणि नागरिकत्वाचे अर्ज अशा तीन स्वतंत्र संस्था करण्यात आल्या. तटरक्षक दल, सीक्रेट सर्व्हिस, विमानतळ सुरक्षा प्रशासन आणि फेमा हेही विभागात समाविष्ट झाले.

स्थलांतर सेवेच्या पुनर्रचनेची निकड होती, हे मान्यच केले पाहिजे. हल्ल्याला बरोबर सहा महिने होत असताना, ११ मार्च २००२ रोजी, फ्लोरिडातील एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेस दोन विद्यार्थ्यांचे व्हिसाविषयक अर्ज मंजूर झाल्याची पत्रे मिळाली. ते दोन विद्यार्थी म्हणजे मोहम्मद अटा आणि मरवान अल-शेही, अर्थात न्यूयॉर्कमधील दोन मनोऱ्यांवर विमाने आदळविणारे अपहरणकर्ते. अर्ज हल्ल्यापूर्वीच मंजूर झालेले होते. कागद तेवढे मागाहून पोहोचले.

परंतु २००१ मधील सर्वांत गंभीर त्रुटी अन्यत्र होती. अपहरणकर्त्यांपैकी नवाफ अल-हाझमी आणि खालिद अल-मिहधार यांच्याविषयी सीआयएला जानेवारी २००० पासून माहिती होती. त्यांची नावे निगराणी सूचीत आली ती ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. एफबीआयने शोध सुरू केला, पण तोवर फार उशीर झाला होता. म्हणजेच जी माहिती एका हातातून दुसऱ्या हाती जावयास हवी होती, ते दोन्ही हात सीआयए आणि एफबीआय यांचे होते; आणि नेमक्या याच दोन संस्था नव्या विभागाबाहेर राहिल्या. या त्रुटीवरील उपाय पुढे वेगळ्या मार्गाने, २००४ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकाचे पद आणि राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र यांच्या रूपाने शोधला गेला. ही दोन्हीही अंतर्गत सुरक्षा विभागाच्या कक्षेत नाहीत.

यावरून विभाग निरर्थक होता, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. सीमेवर उतरणाऱ्या प्रवाशाची सीमाशुल्क व स्थलांतर अशी दुहेरी तपासणी एका संस्थेकडे आली, ही मोठी सुधारणा होती. मात्र ज्या रोगावर औषध म्हणून विभागाचे समर्थन झाले, तो रोग आणि विभागाची रचना यांत अंतर होते, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

५. कॅटरिना : पहिली मोठी कसोटी

नव्या विभागाची पहिली मोठी कसोटी दहशतवादाने नव्हे, तर निसर्गाने घेतली. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ लुईझियानाच्या किनाऱ्यावर धडकले, बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. तेराशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांत वृद्धांचे आणि ज्यांच्याकडे शहर सोडून जाण्याचे साधन नव्हते अशांचे प्रमाण मोठे होते.

हे संकट अनपेक्षित नव्हते. जुलै २००४ मध्ये फेमाने याच भागासाठी काल्पनिक चक्रीवादळाचा सराव घेतला होता. पण १९९६ मध्ये मंत्रिमंडळ स्तराचा दर्जा मिळालेली ही संस्था आता मोठ्या विभागातील अनेक घटकांपैकी एक झाली होती, आणि विभागाचे लक्ष दहशतवादाकडे होते. विभागाचे प्रमुख मायकेल चेर्टॉफ यांनी राष्ट्रीय महत्त्वाची आपत्ती म्हणून औपचारिक घोषणा केली, ती वादळ धडकल्याच्या दुसऱ्या दिवशी. फेमाचे प्रमुख मायकेल ब्राउन आपल्या वरिष्ठांना वगळून थेट व्हाइट हाउसशी संपर्क साधत होते, हे त्यांच्याच पुढील साक्षीतून उघड झाले. एकत्रीकरणाने निर्णयाची साखळी आखूड होण्याऐवजी तिच्यात एक कडी वाढली होती. १२ सप्टेंबर रोजी ब्राउन यांनी राजीनामा दिला. २००६ च्या कायद्याने फेमाला विभागातच ठेवले; तथापि तिची कार्ये सुरक्षित केली, आपत्तीच्या काळात राष्ट्राध्यक्षांना थेट सल्ला देण्याची मुभा तिच्या प्रमुखास दिली आणि त्या पदासाठी आपत्ती व्यवस्थापनाच्या अनुभवाची अट घातली. पुनर्रचनेची दुरुस्ती करण्यासाठी पुन्हा कायदा करावा लागला, हे लक्षणीय आहे.

६. उत्तरदायित्व आणि नागरी स्वातंत्र्य

कार्यकारी शाखेने संस्था एकत्र केल्या. परंतु विधिमंडळाने आपली देखरेख एकत्र केली नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने जुलै २००४ मध्ये निदर्शनास आणले की, विभागाच्या अधिकाऱ्यांना काँग्रेसच्या ८८ समित्या व उपसमित्यांपुढे उपस्थित राहावे लागते. देखरेखीचे एकच केंद्र असावे, अशी शिफारस आयोगाने केली. आयोगाच्या बहुतेक शिफारशी स्वीकारल्या गेल्या. मात्र समित्यांनी स्वतःचे अधिकार सोडण्याची ही शिफारस पूर्णत्वास गेली नाही. इतरांचे विखुरलेपण दूर करणाऱ्यांना स्वतःचे विखुरलेपण प्रिय असते, असेच यावरून म्हणावे लागेल.

दुसरा प्रश्न नागरिकांच्या स्वातंत्र्याचा आहे. २००२ च्या कायद्यात काही चांगल्या तरतुदी होत्या. टपाल कर्मचारी वगैरेंनी संशयास्पद बाबी शासनास कळवाव्यात, अशी एक योजना त्या वेळी पुढे आली होती. तिला या कायद्याने स्पष्ट मनाई केली. खासगीपणाच्या रक्षणासाठी एका अधिकाऱ्याचे पद कायद्यानेच निर्माण केले आणि नागरी हक्कांसाठीही स्वतंत्र व्यवस्था ठेवली. तथापि सशस्त्र अधिकाऱ्यांचा एवढा मोठा समूह एका मंत्र्याच्या हाती आल्याने त्याच्या गैरवापराची शक्यताही निर्माण झाली. जुलै २०२० मध्ये पोर्टलंड शहरातील निदर्शनांच्या वेळी विभागाची पथके राज्य व शहर प्रशासनाच्या विरोधास न जुमानता रस्त्यावर उतरविण्यात आली. तेव्हा हा विभाग राष्ट्राध्यक्षांचे खासगी पथक म्हणून स्थापन झालेला नाही, अशा आशयाचे उद्गार पहिले प्रमुख टॉम रिज यांनीच काढले. ते स्वतः सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचे होते. मार्च २०२५ मध्ये नागरी हक्कांविषयीच्या कार्यालयाच्या कर्मचारीवर्गात मोठी कपात करण्यात आली. कायद्यातील संरक्षक तरतूद कागदावर असणे पुरेसे नसते, याचे हे उदाहरण होय.

७. भारतातील चर्चेशी संबंध

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात १६६ व्यक्तींचा बळी गेला. त्यानंतर महिनाभरात राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने गुप्तवार्ता हाताळण्याच्या व्यवस्थेतील उणिवांकडे लक्ष वेधले. डिसेंबर २००९ मध्ये तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी गृहमंत्रालयाचे विभाजन करून अंतर्गत सुरक्षेसाठी स्वतंत्र मंत्रालय असावे, असा विचार जाहीर व्याख्यानात मांडला. तसेच अमेरिकेच्या धर्तीवर राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची कल्पना पुढे आली. ते केंद्र मार्च २०१२ पासून सुरू व्हावयाचे होते. परंतु पोलीस हा राज्यसूचीतील विषय असल्याने विविध पक्षांच्या मुख्यमंत्र्यांनी त्यास हरकत घेतली आणि ते प्रत्यक्षात आले नाही.

या चर्चेत अमेरिकेचे उदाहरण अनेकदा यशाचा दाखला म्हणून दिले जाते. वस्तुतः त्या उदाहरणाचा खरा उपयोग कोणते प्रश्न आधी विचारावेत, हे कळण्यासाठी आहे. नेमकी माहिती कोणत्या दोन टेबलांमध्ये अडकली? नव्या रचनेत ती दोन्ही टेबले येतात काय? आणि जी कामे आज बऱ्यापैकी चालली आहेत, त्यांची हानी तर होणार नाही ना?

८. निष्कर्ष

अमेरिकेचा अंतर्गत सुरक्षा विभाग आज अडीच लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांचा झाला आहे. त्याच्या इतिहासावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, संकटानंतर केलेली पुनर्रचना शासन कृती करीत आहे हे दाखविते; त्यामुळे तिच्या रचनेची चिकित्सा मागे पडते. दुसरा, समन्वय हा आराखड्यातून उत्पन्न होत नाही. माहिती देणाऱ्याला ती देण्याची सवय, मुभा आणि जबाबदारी असावी लागते. तिसरा, कार्यकारी सत्ता ज्या प्रमाणात एकवटते, त्याच प्रमाणात विधिमंडळाची देखरेख आणि हक्करक्षणाची व्यवस्था सबळ झाली नाही, तर सुरक्षेसाठी उभारलेली यंत्रणाच नागरिकाला असुरक्षित करू शकते.

वर्गात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला आता 'अंतर्गत सुरक्षा विभागाचा प्रमुख' असे उत्तर देता येते. मात्र ते दिल्यानंतर तेथेच न थांबता, त्या मंत्र्याच्या अधिकारात काय आहे, काय नाही आणि त्याला जाब कोण विचारतो, हे पुढील प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवणे हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.