शेपूट जिरल्यावरची मेहनत

भेक शोधायला जंगलात जावं लागत नाही. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की वाशीममध्ये गल्लीतल्या विजेच्या खांबाखाली, जिथे किडे टपटप पडतात, तिथे तो ठाण मांडून बसलेला असतो. अंगभर गाठी, डोळ्यांमागे दोन फुगीर विषग्रंथी (हाताळल्यावर हात धुवायचेच), आणि उडीपेक्षा चालण्याची हौस जास्त. गावात त्यालाही बेडूकच म्हणतात.

जोडी पाहायची तर रात्री बॅटरी घेऊन गावाबाहेरच्या डबक्यावर जायचं, एकबुर्जी धरणाच्या बाजूला किंवा एखाद्या खदानीत. लांबलचक कुर्रर्र ऐकू येतं तिकडे हळूहळू सरकायचं. ओरडतात ते नर. मादीहून लहान, आणि या दिवसांत अंगठ्यांवर काळसर खरखरीत चट्टे आलेले; मादीच्या काखेतली पकड सुटू नये म्हणून. घाईत एक नर दुसऱ्या नरालाच कवटाळतो, मग खालचा चिडून तुटक आवाज काढतो आणि वरच्याला सोडावं लागतं.

अशी मिठीतली जोडी टबात ठेवली तर बहुधा त्याच रात्री अंडी मिळतात. उन्हाळ्यात पकडून ठेवलेले नर-मादी मात्र एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पाऊस आणि नवं पाणी आल्याशिवाय त्यांच्या शरीरातली चक्रं फिरत नाहीत. (विदर्भात पाऊस लांबला की पोरं बेडूक काठीला बांधून, कडुलिंबाच्या डहाळ्या घेऊन पाऊस मागायला धोंडी काढत. तिथे हिशेब उलटा.) प्रयोगशाळेत पावसाचं काम हार्मोनचं इंजेक्शन करतं. अर्जेंटिनाच्या कार्लोस गॅली मैनिनी यांनी १९४७ मध्ये त्यावरच गर्भचाचणी बसवली: बाईची लघवी नर भेकाला टोचायची, आणि ती गरोदर असेल तर काही तासांत भेकाच्या लघवीत शुक्रजंतू दिसायचे.

घरी पिल्लं वाढवायला मी मोठ्या जोड्यांना हात लावत नाही. ट्रॅक्टरच्या चाकोरीत साचलेल्या, खंड पडला की आटणाऱ्या पाण्यातून अंड्यांचा वीतभर तुकडा उचलतो. काळ्या मण्यांची दुपदरी पोत शेवाळात गुंतावी तशी ती अंडी दिसतात. एक मादी हजारोंनी अंडी घालते, त्यामुळे वीतभरही पुष्कळ होतात. एक-दोन दिवसांत काळी पिल्लं सुटतात. नळाचं पाणी क्लोरीन उडून जाईपर्यंत उघडं ठेवायचं आणि मगच वापरायचं. उकडलेला पालक चिमूटभर. उरला की पाणी सडतं. गर्दी केली तर पिल्लं खुरटतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातले सैदापूर आणि गिरीश यांनी २००० मध्ये दाखवलं की या भेकाची पिल्लं सख्ख्या भावंडांना ओळखतात आणि त्यांच्याच जवळ राहतात.

साधारण महिना-सव्वा महिन्यात मागचे पाय येतात, मग पुढचे, मग शेपूट जिरते. तेव्हा ती खात नाहीत, आणि कल्ले जाऊन फुप्फुसं आलेली असतात. टबात उतरता दगड नसेल तर बुडून मरतात. इथवर कुणीही पोहोचतो.

खरी मेहनत इथून पुढे. बाहेर आलेला जीव सेंटीमीटरभरही नसतो आणि हलणारंच भक्ष्य खातो. समोर पडलेला मेलेला किडा त्याला दिसतच नाही. बारीक मुंग्या, ओल्या पाचोळ्यातले उडते कीटक, सडक्या केळ्यावरच्या चिलटांची बरणी: हे रोज लागतं. शेपूट जिरण्याआधीच बरणी तयार नसेल तर अंडी घरी आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. उपासानेच जास्त मरतात.

पाच-सहा ठेवून बाकीचे जिथून आणले तिथेच सोडायचे, भलतीकडे नाही. आशियातून बहुधा जहाजाच्या मालाबरोबर गेलेला हाच भेक मादागास्करमध्ये २०१४ साली नजरेत आला आणि तेव्हापासून तिथल्या प्राण्यांना त्याच्या विषाचा धोका आहे. पन्नी अंथरलेल्या शेततळ्यातही सोडू नका. गुळगुळीत उतारावर त्याचे पाय टिकत नाहीत. मोठे भेकसुद्धा त्यात पोहून पोहून मरतात. काठाला जुना दोरखंड पाण्यापर्यंत सोडून ठेवला तरी त्यांना वर येता येतं.